दिगूभाईंचा मामू

एखाद्या खलनायकाचं चित्र पुरं झालं की दिगूभाई उठायचे आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. हैदराबादेत तारनाक्याला आमचा छोटा कॉमिक्सचा स्टुडिओ होता. ते चित्रं काढत, मी रंग भरत असे. "नखातली घाण दिसली पाहिजे," ते मला बजावत. "वाचणाऱ्याला ह्याच्या हातचं पाणी पण नक्को वाटलं पाहिजे. समजली ना?"

आमचा नायक आकाशात उडायचा, पण कॉमिक खाली गल्लीतच राहायचं, चिल्लर बदमाशांत. त्यांच्या शक्तीही चिल्लर. सगळ्यांत ओंगळ होता मामू. त्याने फुंकर मारली की विटेच्या भुकटीला मिरचीचा रंग आणि वास यायचा, आणि हा ती विकायचा. भेसळीच्या तिखटाने दिगूभाईंच्या आईची आतडी सोलून निघाली होती. लोकांनी असल्या माणसाचा तिरस्कार करावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

नावात मात्र ते फसले. इथल्याच बरकतपुऱ्यात, पण मराठी घरात वाढलेला माणूस. हा लोकांना मामा बनवतो, म्हणून त्यांनी त्याला मामू म्हटलं. पण हैदराबादेत मामू म्हणजे आईचा भाऊ, लाडाचा! वाचकांनी त्याला घरातलाच करून टाकला. "हमारे मामू कैसे हैं?" अशी विचारपूस सुरू झाली. स्टुडिओचा तेलुगू मालक खूश. तो दिगूभाईंना म्हणाला, "परळीकरगारू, मामू को जरा क्यूट करो. टीशर्टां निकालेंगे."

दिगूभाईंनी उलट पुढच्या अंकात मामूला शाळेच्या खिचडीत ती भुकटी ओतताना दाखवलं. पोरं पोट धरून लोळतायत. लोक तरीही हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली.

मग मालकाने वाचकांना भेटायला बोलावलं. एक गलेलठ्ठ मसालेवाला मामूचा टीशर्ट घालून पुढे आला. "साब, मेरेकूच देखके बनाए ना? हमारा धंदा बराबर पकडे आप!"

दिगूभाईंनी शांतपणे विचारलं, "घर में कौनसी मिर्ची खाते?"

"घर की तो गांव से आती साब. अपना माल अपन खाते क्या?"

सगळा हॉल खदाखदा हसला. त्या निर्लज्जाने तिथेच आपल्या दुकानाची कार्डं वाटली आणि लोकांनी ती हात पुढे करून घेतली. दिगूभाई माझ्याकडे वळले. "ह्यांना किळस यावी म्हणून काढला होता गं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. स्टुडिओत ते परत आले नाहीत.

गेल्या वर्षी ते वारले. मसालेवाल्याने दुकानाच्या पाटीवर मामू रंगवून घेतलाय, खाली ठळक अक्षरांत 'अस्ली मामू'. गिऱ्हाइकांची ही गर्दी! मी त्या रस्त्याने जाते तेव्हा थुंकते आणि पुढे चालू लागते.