कोऱ्या पानाखालच्या सह्या

बुद्धप्रिया बनसोडे आमच्या शाळेत रुजू झाली तेव्हा मी तिथं मुख्याध्यापिका होते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागची वस्ती, चार खोल्यांची सरकारी प्राथमिक शाळा. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या मराठी. सहा महिन्यांत ही बाई तिन्ही भाषांत "हात धुऊन ये" म्हणायला शिकली. हौस म्हणून नव्हे, त्याशिवाय पोरं ऐकत नव्हती म्हणून. तिचं कौतुक करायला मी बसलेली नाही. तिला भाषण येत नाही, शाळेच्या प्रत्येक फोटोत ती कडेला अर्धी कापलेली असते. मी निवृत्त झाले, माझ्या खुर्चीवर ती बसली. एवढंच.

आता सह्यांची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा दर महिन्याला घ्यावी लागते. सदस्य म्हणजे पालक, आणि आमचे पालक म्हणजे टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले कामगार. जेवणाच्या सुट्टीत सायकली मारत येणार, दहा मिनिटं टेकणार. तेवढ्यात बोलायचं की वही लिहायची? म्हणून कोऱ्या पानाच्या तळाशी आधी सह्या घ्यायच्या आणि वरचं इतिवृत्त शाळा सुटल्यावर सावकाश लिहायचं. कितीतरी शाळांत असंच चालतं. बुद्धप्रियाला हे मीच शिकवलं.

गेल्या वर्षी शिक्षण खात्याच्या ऑफिसातून पत्र आलं : शाळा एका बाहेरच्या संस्थेकडे चालवायला द्यायची आहे, समितीनं संमतीचा ठराव करावा. शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या, मोर्चा काढला. भाषण न येणारी ही बाई मोर्चात पहिल्या रांगेत चालली. मग तिनं समिती बोलावली आणि पत्र वाचून दाखवलं. समितीची अध्यक्ष काशम्मा, कारखान्यात चादरींच्या कडा शिवणारी. तिनं एकच विचारलं, "शाळा त्यास्नी दिली तर तुमी हितं असनार का, बाई?"

"नाही. त्यांची माणसं येतील."

"मग न्हाय द्यायची. आनि काय?"

हजर सातही जणांनी नाही म्हटलं, सह्या ठोकल्या आणि कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत पळाले. सचिव म्हणून बुद्धप्रियानंही सही केली. पान वर कोरंच. त्याच दुपारी ऑफिसातून निरोप आला : तपासणीसाठी वही पाठवा. आणि मोर्चात पुढं चालणाऱ्या बाईनं वही देऊन टाकली! वरून मागितलं की द्यायचं, ही सव्वीस वर्षांची सवय. संध्याकाळी परत येईल, मग लिहू, असं तिला वाटलं.

वही आठ दिवसांनी आली. पान भरलेलं. शाळा संस्थेकडे देण्यास सर्वानुमते संमती. खाली आठ खऱ्या सह्या.

वही घेऊन ती माझ्याकडे आली. रडली नाही, चिडली नाही. "अक्षर चांगलं आहे," म्हणाली.

"अगं, तक्रार कर की!"

"करते. पान कोरं का होतं, विचारतील."

"विचारू देत."

"निलंबित करतील, मॅडम."

मी वही मिटली आणि चपला घातल्या.

आम्ही काशम्माकडे गेलो. तिनं आपल्या सहीवर बोट ठेवलं. "ही माजीच हाय की. न्हाय कसं म्हनू?"

"सही तुमचीच. वरचं तुमचं नाही."

"मग तवाच वर काय तरी लिवायचं की, बाई! कारखान्यात आमी कोऱ्या कागदाला हात लावत न्हाय. तुमी हाय म्हनून केली." हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "चला, येते मी. मालक खाडा धरंल, धरू दे."

"नको," बुद्धप्रिया म्हणाली. "तुम्हाला वाचता येत नाही म्हणतील. मीच लिहून देते."

आणि दिलं लिहून, सह्या घेतल्या तेव्हा पान कोरं होतं हेसुद्धा. चौकशीच्या दिवशी मी ऑफिसच्या बाकावर होते. दार उघडंच होतं.

"कधीपासून अशा सह्या घेता?" चौकशीला बसलेल्या साहेबांनी विचारलं.

"मुख्याध्यापिका झाल्यापासून."

"म्हणजे आधीचे ठरावही असेच?"

"हो."

केंद्रप्रमुख पंचाक्षरी सर तिथंच होते. "मॅडम, जरा विचार करून बोला," ते खाली बघत म्हणाले. त्यांच्या हाताखाली बारा शाळा आहेत.

"केलाय विचार, सर."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही."

मी उठून आत जायला हवं होतं. पेन्शन आठवली. बसून राहिले.

तो ठराव रद्द झाला. शाळा संस्थेकडे गेली नाही, निदान आजवर तरी. बुद्धप्रिया निलंबित झाली. त्या काळात हजेरी द्यायला मुख्यालय नेमून देतात, तिला करमाळा मिळालं. सकाळी सोलापुरातून रेल्वेनं जेऊर स्टेशन, पुढं जीप. तिथं खुर्ची आहे, काम नाही. वर्ष होत आलं. मी फोन केला की पहिलीला कोण शिकवतंय एवढंच विचारते. चारही वर्ग आता शाळेत एकटेच उरलेले दीपक सर एका खोलीत बसवतात, मी सांगते. ती "बरं" म्हणते.

परवा मी तिला म्हटलं, "मी साहेबांना पत्र लिहिते. मीच तुला शिकवलं म्हणून कळवते."

"आता कशाला, मॅडम? दोघींची चौकशी लागेल. जीप आली, ठेवते."

मी बरं म्हटलं.