कॅपिटल अक्षराचे वजन

तीन वाजता चौकशी समितीपुढे परदेशी तपासनिसाचा अहवाल वाचला जायचा होता, आणि बारा वाजून गेले तरी कारखान्याच्या अनुवादक बाई दोन वाक्यांपाशी अडून होत्या.

बॉयलरची नळी फुटून एका कामगाराचा हात भाजला होता. पाळीवर होता बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दाबाचा काटा लाल खुणेपलीकडे गेला, तेव्हा तो चहाला गेलेला. हलगर्जीपणा किरकोळ ठरला तर समज, घोर ठरला तर बडतर्फी, असा नियम होता. नाते समितीला ठाऊक होते. पण अनुवाद करणारे दुसरे कोणी नव्हते.

तपासनिसाने त्याच्याविषयी लिहिले होते, हा हलगर्जीपणा कॅपिटल अक्षराने लिहावा असा आहे. पुढच्या पानावर व्यवस्थापनाविषयी, येथे सुरक्षितता लहान अक्षरांत लिहिली जाते. अर्थ उघड होता. इंग्रजीत एखाद्या गोष्टीचा कळस सांगायचा तर तिचे पहिले अक्षर मोठे करतात. ती नावापुरती उरली म्हणायचे तर लहान. आपल्या लिपीत सगळी अक्षरे एका उंचीची. म्हणूनच गाळणे सोपे होते.

सकाळी बहीण दारात येऊन गेली होती. "ताई, काही कडक असलं तर जरा मऊ कर गं. दोन लेकरं आहेत माझी."

आता व्यवस्थापक टेबलाशी वाकला. "बाई, ते लहान अक्षरांचं सोडा. साहेबाच्या लेखणीची लकब ती. आमचं एक गाळलंत, तर मेहुण्याचं एक गळालं म्हणून कोण बोंब मारणार आहे?"

बाईंनी लेखणी उचलली.

समितीपुढे अनुवादकाने पान वाचायचे आणि आरोपीने खाली सही करायची, अशी रीत होती. "हा हलगर्जीपणा साधासुधा नव्हे, पुरता आणि अक्षम्य आहे," बाईंनी वाचले. मेहुण्याचा हात थबकला.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"त्यांनी लिहिलंय. मी वाचतेय."

त्याने सही केली. "मग पुढचंही वाचा."

"या कारखान्यात सुरक्षितता केवळ नावापुरती आहे."

अध्यक्षांनी मान वर केली. "सुरक्षा झडप शेवटची कधी तपासली?"

व्यवस्थापक पंख्याकडे पाहू लागला. नोंदवही आली. चौदा महिन्यांचे रकाने कोरे होते.

दोष एकट्याचा नाही असे ठरले आणि मेहुण्याची बडतर्फी टळली. तीन महिन्यांचे बिनपगारी निलंबन झाले. पुढच्या तारखेला आरोपीच्या त्याच खुर्चीत व्यवस्थापक बसणार होता. बहीण मात्र महिनाभर बाईंशी बोलली नाही. ती शिक्षाही बाईंनी तक्रार न करता भोगली.