खांब कुणाचा?

मावशी रस्त्याकडेला अशी उभी राहायची की एक पाय हायवेच्या डांबरावर, दुसरा गावाकडं जाणाऱ्या फाट्यावर. मग कमरेवर हात ठेवून विचारायची, "ह्यो पाय दिल्लीचा, ह्यो मुंबईचा. सांगा, उजेड कुणाला मागू?"

नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असाल तर तिची पत्र्याची मेस तुम्हीही पाहिली असेल. सेकंड शिफ्ट सुटली की आम्ही पोरं अंधारात हायवे ओलांडून तिच्याकडं जेवायला. एकदा आमच्यातल्याच एका फिटरला गाडीनं उडवलं. पाय गेला. तेव्हापासून मावशीचा एकच धोशा, "हितं दिव्याचा खांब पायजे."

मी तिच्यासोबत दोन्ही ऑफिसांत गेल्तो. हायवेवाले साहेब म्हणाले, फाट्याचा कोपरा राज्याचा. राज्यवाले म्हणाले, छे, केंद्राचा. परत येऊन मी मेसमध्ये दोघांची नक्कल केली. एक चष्मा वर करून, दुसरा वेलदोडा चघळत, पण वाक्य तेच: "विषय आमच्या अखत्यारीत येत नाही." पोरं ठसका लागेपर्यंत हसली.

मावशी भाकरी थापत म्हणाली, "पोपटा, दोघांना एका तोंडात बसवलंस. आता एका जागी उभं करायचं."

मी शाळेतलं नागरिकशास्त्र झाडलं. "मावशी, घटनेत याद्या असतात. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे."

"व्हय का? मंग त्या पोराचा पाय कुठल्या यादीत?"

मी तिन्ही याद्या बोटांवर मोजल्या. पाय एकीतही बसेना.

"वाटणी केली ती कामं व्हावी म्हनून," ती म्हणाली. "चेंडू टोलवायला न्हाई."

मग दर सोमवारी मेस बंद आणि मावशी आळीपाळीनं दोन्ही ऑफिसांच्या बाकावर. "जयभीम साहेब. आज येताय का कोपरा मोजायला?" साहेब मागच्या दारानं जायला लागले, तर ही मागच्या दाराशी बसायला लागली.

शेवटी एका सकाळी दोन्ही साहेब टेप घेऊन कोपऱ्यावर आले. हायवेवाल्यांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, मोजलं की तुमची मेसपण मोजली जाणार. आमच्याच हद्दीत निघेल असं दिसतंय, मग हलवावी लागेल. जाऊ द्या ना."

मी तिचा पदर ओढला. "मावशी, राहू दे. आम्ही टॉर्च घेऊन येत जाऊ."

"गप रे. साहेब, टेप सोडा."

टेपचं टोक तिनंच धरलं आणि चालत थेट आपल्या चुलीपर्यंत गेली. कोपरा केंद्राचा निघाला. चूलही.

"म्हंजी खांब तुमचा," ती साहेबांना म्हणाली. "ह्या पोरांसमोर सांगा, कधी लावताय?"

साहेबांना सांगावंच लागलं. खांब उभा राहिला त्या दिवशी तिनं सगळ्यांना गोड शिरा वाढला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं पत्रे काढले, टेम्पोत भरले आणि राजूरला लेकीकडं गेली.

आता तिथं लख्ख उजेड आहे. शिफ्ट सुटली की आम्ही सवयीनं रस्ता ओलांडतो, निवांत, मोबाईल बघत. पलीकडं पोहोचतो आणि जेवायला कुठं जायचं ते कुणालाच कळत नाही.