कमेंटच्या टेबलातली नावं

वेबसाइट बंद पडते, किस्से मात्र साठतच जातात. साइटच्या कामातला माझा जोडीदार भास्कर दौंडहून शिरूरला आला की आम्ही तेच तेच सांगतो. सांगताना माझी बायको सुनंदा खोलीत असल्यासारखी वाटते, म्हणूनही असेल.

डायल-अप इंटरनेटचे दिवस. गावाकडच्या बातम्यांची आमची साइट होती. कमेंट साठवायला भास्करनं डेटाबेसमध्ये सदस्यांचं एक टेबल केलं, नोंदणी न केलेल्या पाहुण्यांचं दुसरं. सदस्यानं रांजणगावच्या बसची वेळ विचारली, पाहुण्यानं सांगितली. पण पानावर पाहुण्यांचं टेबल आधी यायचं, म्हणून उत्तर वर, प्रश्न खाली! एकानं लिहिलं, "आमच्या साहेबांसारखंच चाललंय, प्रश्नाआधी उत्तर!" सुनंदानं दोन्ही टेबलं मोडून एकच केलं. कमेंटपुढं सदस्य असेल तर त्याचा नंबर, पाहुणा असेल तर नुसतं नाव.

मग इनामगावच्या एका पाहुण्यानं नावाच्या रकान्यात लग्नपत्रिकेसारखं अख्खं घर लिहिलं. जागा संपली. त्याचा फोन आला, "धाकट्याचं नाव अर्धंच आलंय, घरात बोलंना झालाय!" सुनंदानं रकाना वाढवला. म्हणाली, "आपल्याकडं नाव एकट्याचं असतंय का?"

एकदा कुणी पाहुण्यानं भास्करच्या नावानं लिहिलं, "रविवारी मटण माझ्याकडं." सहा जण जेवायला हजर! त्यानं चहावर भागवलं. त्या दिवसापासून सुनंदाचा नियम : सदस्याचं नाव पाहुण्याला घेता येणार नाही.

तिचे वडील, आप्पा, केडगावहून यायचे. शेजारी बसून शेतीचं सांगायचे, ती आपल्या नावानं टाइप करायची. लोक विचारायचे, "सुनंदाताई, कांद्याला पाणी कधी तोडायचं?"

"आप्पा, तुमचं नाव नोंदवू?"

"कशापायी? तू हायेस की!"

सुनंदा वारल्यावर भास्करनं हळूच विचारलं, "वहिनींचं नाव सदस्यांतून काढायचं का?" मी म्हणालो, "बघू." ते बघणं झालंच नाही.

काही महिन्यांनी केडगावच्या सायबर कॅफेतून आप्पांचा फोन आला.

"जावईबापू, कांद्याचं कुणी इचारलंय. सुनंदाच्या नावानं उत्तर टाकतोय, तर घेतच न्हाई."

"आप्पा, तिचं नाव सदस्यांत आहे, म्हणून घेत नाही. ते काढलं तर घेईल. काढू?"



"म्हंजी तिचं नाव हाय अजून तिथं?"

"हाय, आप्पा."

"मग ऱ्हाऊ द्या. मी पाहुणा म्हणून टाकतो."