येलहंक्याचं हळदीकुंकू

गाडीने मिरज सोडलं तेव्हाच मी चिडलेली होते. येलहंक्यातल्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला एका जुन्या कादंबरीवर बोलायला बोलावलं होतं. शाळेत मी ती वर्षानुवर्षं शिकवली. नायिका विधवा. आता मीही. निघताना तिथेच राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा, उषाचा फोन आला, "ताई, पुस्तकावरच बोल हं. स्वतःचं काही काढू नकोस. मला इथं राहायचंय."

सकाळी यशवंतपूरला उतरले. रिक्षावाल्याने विचारलं, "कन्नडा बरुत्ता, अक्का?" (कन्नड येतं का?) मी "स्वल्प" (थोडं) म्हणायची चूक केली. मग येलहंक्यापर्यंत तो अखंड बोलत होता. मेट्रोच्या खोदकामाला शिव्या चालल्या होत्या एवढं कळलं. वायुदलाचं विमान डोक्यावरून गेलं, तेवढाच काय तो थांबला.

उषाने अवरेकाळू (पावट्याचे दाणे) घातलेलं गरम उप्पीट केलं होतं. या दिवसांत इथं सगळ्यात अवरेकाळू पडतात, आणि ते उत्तम लागतात. खाऊन झाल्यावर तिने माझ्यासाठी फिकी साडी काढून ठेवली. मी हिरवीगार नेसले. पदराला पिन लावताना तिने मला दोनदा टोचलं.

कार्यक्रम मीनाताईंकडे होता. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, घर प्रशस्त, माणसं अगत्याची. मी कादंबरीवर बोलले. त्यातली बाई लग्नघराच्या ओसरीवर उभी असते. आत कुणीतरी बोलवेल म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाट बघते, आणि कुणी बोलवत नाही. दोघीतिघींनी डोळे पुसले. "किती दुष्ट होते ना त्या काळातले लोक," मीनाताई म्हणाल्या.

मग त्या हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उठल्या. उषाला लावलं. माझ्यापाशी आल्या, क्षणभर घुटमळल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. जाताना माझ्या हातावर तिळगूळ मात्र ठेवला.

"मीनाताई, मी राहिले," मी म्हटलं.

"अहो, तुम्हाला उगाच वाईट वाटायला नको म्हणून..."

"मला आत्ता वाईट वाटलं."

उषाने माझा हात दाबला. मला माझी ती नायिका आठवली. त्या कादंबरीची समीक्षा लिहिणाऱ्यांनी समाजाला, काळाला, सगळ्यांना दोष दिला होता. मलाही मुलांकडून तेच लिहून घ्यावं लागे. पण ओसरीवरून आत जायला चार पावलं लागतात, आणि ती तिची तिला टाकता आली असती, हे मला त्या दिवाणखान्यात कळलं. मी उठले, मीनाताईंच्या हातातल्या कुयरीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला आधी हळद, मग ठसठशीत कुंकू लावलं.

परतताना रिक्षात उषा रडत होती. "आता मला कुणी बोलावणार नाही, ताई. तू जाशील, बोलणी मी खाईन." ते खरं होतं. तिच्यासाठी माझा जीव तुटत होता, पण माफी मागावीशी वाटली नाही. तसं मी तिला सांगितलंही. दुसऱ्या दिवशी तिने डब्यात अवरेकाळूची उसळ दिली, पण स्टेशनवर आली नाही.

मिरजेला पोचले तेव्हा रथसप्तमीला अजून अवकाश होता. इतकी वर्षं पुस्तकातल्या बायकांसाठी जीव तोडून बोलले, आता जरा स्वतःच्या दारात उभं राहावं असं मनाने घेतलं. माझ्या घरी हळदीकुंकू ठरवलं. गल्लीतल्या सगळ्याजणींना सांगितलं, नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडून आलेल्या. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे? कसं दिसेल ते?" मी म्हटलं, "येऊन बघा."

आदल्या दिवशी उषाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "सगळ्यांना बोलावलंस. मला नाही?"

"नाही," मी म्हटलं. "बोलावण्याची वाट नको बघूस, तू आपली ये."