नाताळबाबाला खबर नाही

शाळेच्या नाताळबाबाच्या पोटात यंदा दोन उशा होत्या.

"आणखी एक कोंबू का?" बायकोनं विचारलं. शिवणाच्या वर्गात, मशिनींच्या गर्दीत उभी राहून ती त्याच्या कमरेचा पट्टा आवळत होती.

"नको. पोरांना वाटेल, बाबाला दिवस गेलेत."

"हळू बोला. सिस्टर बाहेरच आहेत."

एरवी उशी सोडा, त्या लाल डगल्यात साधा रुमालही मावत नसे. हा गडी शाळेची बस चालवायचा. भोंगा वाजवायची भारी हौस, म्हणून पोरं त्याला भोंगाकाका म्हणत. वळण आलं की स्टिअरिंग आधी त्याच्या पोटाला विचारायचं आणि मगच फिरायचं. पण यंदा आतड्याचं ऑपरेशन झालं आणि माणूस निम्मा उरला. तेव्हापासून तो घरी, नि बसवर बदली ड्रायव्हर.

पोटाचं निभावलं. खरी पंचाईत होती ती खबरीची.

या शाळेचा नाताळबाबा नुसत्या गोळ्या वाटत नसे. गाणी झाली की तो मंचावर येऊन वर्षभराची खबर सांगे. तिसरीतल्या कुणी हलता दात पावाबरोबर गिळला, चित्रकलेच्या बाई स्कूटर शिकताना कशा थेट चॅपलच्या कुंपणात शिरल्या. बारकी पोरं आ वासून बघत, याला कळतं तरी कसं. कळायचं बसमध्ये. ड्रायव्हरला पाठ असते, कान नसतात, अशी पोरांची ठाम समजूत. मोठ्या वर्गांना आतली गोष्ट ठाऊक होती, पण मजा घालवायची कुणी?

यंदा तो बसवर नव्हताच. मग ऐकणार काय, कपाळ?

मुख्याध्यापिका सिस्टर आत आल्या. "मी सांगते ना तुम्हाला. रिले शर्यतीत आपल्याला ढाल मिळाली. प्रयोगशाळेत नवे नळ बसले."

"सिस्टर, हे तर नोटीस बोर्डावर आहे."

"मग काय बिघडलं?"

"नोटीस बोर्ड वाचून कुणी हसलेलं बघितलंय का?"

सिस्टर हसल्या खऱ्या, पण लगेच हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तुम्हाला झेपत नसेल तर विज्ञानाचे नवे सर तयार आहेत. तब्येतीपेक्षा काही मोठं नाही."

बस गेलीच होती, आता दाढीही जाणार. "उभा राहतो की," तो म्हणाला, आणि दाढीचं इलॅस्टिक कानामागं ओढलं.

सभागृह गच्च भरलं होतं. गव्हाणीच्या देखाव्याजवळ गाणारी पोरं नुकतीच बसली होती. तो आला तशा टाळ्या पडल्या. त्यानं ढालीचं सांगितलं. टाळ्या. नळांचं सांगितलं. पुन्हा टाळ्या, पण तपासणीला आलेल्या साहेबासाठी वाजवतात तशा. पुढच्या रांगेतल्या एकानं जांभई दिली. विज्ञानाचे सर कडेला उभे होते. चांगले गोलमटोल होते मेले.

तो मंचाच्या काठावर बसला. बसताना एक उशी बाजूला सरकली. ती त्यानं तशीच राहू दिली.

"खरं सांगू का? यंदा बाबाला काहीच ठाऊक नाही. आजारी होता. अंथरुणात पडून छताकडं बघत होता. तुम्हीच सांगा, काय काय झालं?"

मग एका पोरानं हात वर केला. "आमच्या वर्गात पाल आहे. ती फक्त प्रार्थनेला येते."

"भाविक दिसते," बाबा म्हणाला, आणि सभागृहात हशा पिकला. मग कोण थांबतंय. कुणाच्या आजीनं दात बसवले, कुणाच्या मांजरीनं चपलांच्या खोक्यात पिल्लं घातली.

"गायनाच्या बाईंचं लग्न ठरलंय," एक पोरगी ओरडली. "पण हे सांगायचं नाहीये."

गायनाच्या बाईंनी वहीत तोंड लपवलं.

तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी उठून थेट त्याच्या गुडघ्याशी आली. "आमचे भोंगाकाका आजारी आहेत. नवे काका भोंगा वाजवतच नाहीत. तुम्ही घरोघरी जाता ना? मग त्यांना विचारा, कधी येणार."

दाढी होती म्हणून बरं. त्यानं ती आणखी वर ओढली.

"विचारून आलोय मी," तो म्हणाला. "सुट्टी संपली की येणार."

मागच्या रांगांतून मोठ्या वर्गांनी बाकं बडवायला सुरुवात केली. नव्या सरांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. सिस्टरांनी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि मग स्वतःच टाळ्या वाजवू लागल्या.

घरी जाताना बायकोनं फाटकाशीच विषय काढला.

"डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "सुट्टीनंतर तपासून बघू म्हणालेत."

"मी कुठं काय कबूल केलं? नाताळबाबानं केलं."

"मग उद्यापासून दोघंही सकाळी चालायला उठा. ताटात टाकायचं नाही, औषध चुकवायचं नाही. त्या पोरीपुढं मला खोटं पडायचं नाहीये."

"बरं बाई." थोडं चालून तो थांबला. कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं, "जेवायला काय केलंयस?"