खोपीतलं जेवण

एकोणीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेतला. कमलनगरकडचं आमचं गाव, चर्चला पत्र्याचं छप्पर, मुलं पंचवीस-तीस. शनिवारी संध्याकाळी ती माझ्या अंगणात गाणी बसवायला यायची. चपला दारातच पसरायची, मी ओरडायचे. मला मूल नाही. हे एकदाच सांगते, म्हणजे वर्ग माझ्यासाठी काय होता ते वेगळं सांगायला नको.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. नव्या पास्टरांनी त्याच दिवशी चर्चमध्ये उपवास-प्रार्थना ठेवली. आदल्या रविवारी म्हणाले, "जे शेतात जाणार नाहीत त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी केले. मीही केला. विचार केला नाही. पुढची बाई करते, मागची करते, आपलाही हात जातो.

येळवसच्या सकाळी शेजारची अक्का दारात आली. लिंगायत घरातली, अठरा वर्षांचा शेजार. नाताळात मी करंज्यांचा डबा द्यायचे, ती तो धुऊन, साखर घालून परत करायची. करंज्या घरात खाल्ल्या की म्हशीला घातल्या, हे मी कधी विचारलं नाही.

"चल शेतात," ती म्हणाली. "जीपमध्ये जागा हाय."

"आज प्रार्थना हाय, अक्का."

"प्रार्थना तुझी रोजच हाय की. भज्जी वर्षातून एकदा."

"अन् बांधावर बसून काय करू?"

"बांधावर कामून? आत बसायचं, माझ्यापाशी."

माझ्या आईच्या काळी आमच्या लोकांना येळवसची आंबील बांधावरच मिळायची, वरून ओतलेली, हात न लागता. आई ते सांगताना रागवायची नाही, नुसतं सांगायची. मी साडी बदलली आणि जीपमध्ये बसले.

खोपीत अक्काच्या शेजारी जेवले. जेवायच्या आधी डोळे मिटून माझ्या देवाचे आभार मानले. दगडांना हात जोडले नाहीत, कुणी जोडायलाही सांगितलं नाही. अक्कानं दुसऱ्यांदा भज्जी वाढली, तिसऱ्यांदा मी ताटावर हात धरला. तिच्या सुनेनं फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तिच्या स्टेटसवर होता: मी हसतेय, हातात आंबिलीचा पेला, गुडघ्याशी पाच पांढरे दगड.

दुसऱ्या दिवशी पास्टर आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मावशी, लेकरांपुढं कसं उभं राहणार आता तुम्ही? तुम्हाला पाहून विश्वासात कच्ची असलेली माणसं घसरतील. रविवारी मंडळीपुढं सांगा, मूर्तीपुढचं जेवले, चूक झाली. विषय संपला. नाहीतर वर्ग दुसऱ्याला द्यावा लागेल."

माणूस वाईट नव्हता. दुबळ्याला अडखळण होऊ नये, हा धडा मी स्वतः मुलांना शिकवलेला. म्हणून मी त्यांचं म्हणणं उडवून लावलं नाही, चार दिवस त्यावर विचार केला. पण घसरणार कोण, ते मला सापडेना. येळवसच्या संध्याकाळी शेजारपाजारच्या घरांतून भज्जीचे डबे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरी पोचले होते. मी दारात उभी राहून पाहिले होते. उपवास सोडून सगळ्यांनी तीच भज्जी खाल्ली होती. फरक एवढाच, की आपापल्या घरात, दार लावून.

शनिवारी नवरा म्हणाला, "दोन शब्द हायेत. म्हणून टाक अन् मोकळी हो. एवढं कामून ताणायलीस?"

"खरं न्हाई म्हणून."

"सगळेच म्हणतेत की."

"व्हय, म्हणूनच तर."

"मग बस एकटीच," म्हणून त्यानं टीव्ही लावला.

रविवारी मी उभी राहिले. म्हणाले, "मी हात वर केला आणि शब्द पाळला नाही. त्याची माफी मागते. जेवले त्याची मागत नाही."

"मावशी, जेवले ती चूक झाली, तेवढं एक वाक्य पण बोला," पास्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच हे मिटवायचं होतं.

"ते खरं न्हाई, पास्टरसाहेब."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "लई शहाणी." बाकीच्या बायका मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकात बघत होत्या. डबे कुणाकुणाकडे गेले ते मी नावानिशी सांगू शकले असते. सांगितलं नाही. एखादी तरी आपणहून उठेल असं वाटलं होतं. कुणी उठली नाही, मी खाली बसले.

वर्ग आता पास्टरांची बायको घेते. चांगली घेते, तिच्याकडे कीबोर्ड आहे. मुलं रस्त्यात भेटली की "टीचर" म्हणतात आणि लगेच आईकडे बघतात. मी दर रविवारी जाते. कुणी वाकडं बोलत नाही. सतरंजीवर माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहते, एवढंच. पहिल्या रविवारी मी सरकून एकीजवळ बसले, तर ती नातवाला पाणी पाजायला उठली. परत आली ती दुसरीकडे बसली. तेव्हापासून मी सरकत नाही.

महिना व्हायच्या आत, एका शनिवारी, अक्का कुंपणापाशी आली.

"पोरं कामून येईनात गं तुझी? गाणी न्हाईत, गोंगाट न्हाई."

खरं सांगितलं असतं तर ती सुनेला टाकून बोलली असती, स्वतःच्या मनाला लावून घेतलं असतं. आणि पुढच्या येळवसला मला 'आत ये' म्हणताना तिची जीभ अडली असती. एका खोट्याची सगळ्यांदेखत माफी मागून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"परीक्षा हायेत," मी म्हणाले.

"आत्ता? जानेवारीत?"

"व्हय, काहीतरी हाय शाळेचं."

"बरं झालं मग. तुलाबी जरा आराम," म्हणून ती आत गेली.

मी झाडू घेतला. अंगणात कचरा असा काही नव्हता, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढलं.